अडतीस मीटर उंचीच्या टेकडीसंबंधी खुलासा

मा. चिटणीस,
सार्वजनिक वाचनालय, यांस

स. न. वि. वि.

वाचनालयाच्या वार्षिक अंकातील ‘आमची हरवलेली टेकडी’ हा निवृत्त पोस्टमास्तरांचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना वाटले की आपणच काही चुकीचे वाचत आहोत. दुसऱ्यांदा तसे वाटले नाही.

लेखात तीन विधाने आहेत. वरचे गाव आणि खालची वस्ती यांच्यामधील माळावर पूर्वापार एक टेकडी होती, हे पहिले. मोबाइलचा मनोरा उभारताना सरकारने यंत्रे लावून ती एका दिवसात सपाट केली, हे दुसरे. लहानपणी लेखक त्या टेकडीवरून पोत्यावर बसून घसरत असत, हे तिसरे. तिसऱ्या विधानाविषयी मी काही बोलू शकत नाही, कारण त्यांचे बालपण मी मोजलेले नाही. माळ मात्र मी मोजला आहे, आणि त्यावर टेकडी कधीही नव्हती. ती होती असे जे काही दिवस मानले गेले, त्याचे कारण सरकार नसून मी आहे.

हे नुसते सांगून कोणाला पटणार नाही, म्हणून संबंधित पत्रव्यवहार सोबत जोडत आहे. माझी भाची शहरातील विभागीय कार्यालयात रेडिओ-अभियंता आहे. तिच्या पत्रांची भाषा आहे तशीच ठेवली आहे. हे मला जड गेले. माझ्या ताईचे, म्हणजे भाचीच्या आईचेही एक पत्र यात आहे. ते गाळावे अशी माझी इच्छा होती. परंतु गाळल्यास ती स्वतः वाचनालयात येऊन मोठ्याने वाचून दाखवील, असे तिने कळवले आहे.

*

३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

मामा, एक काम सांगायचंय. नाही म्हणायच्या आधी शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या भागासाठी मोबाइलचा मनोरा कुठे उभारायचा, ते ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्यांदाच माझ्या एकटीकडे. जागा दोन आहेत: तुमच्या गावामागचा डोंगर, नाहीतर पलीकडे हमरस्त्यालगत. डोंगरावर झाला तर वरचं गाव आणि खालची वस्ती, दोन्हीकडे फोन लागेल. हमरस्त्याला झाला तर ट्रकवाल्यांना लागेल, वस्तीतल्या आईला नाही.

मी संगणकावर गणित मांडलंय: मनोऱ्यावरून निघालेली लहर खडबडीत जमिनीवरून जाताना कुठे किती झिजते. सपाटीवर ती अंतराप्रमाणे झिजते. मध्ये उंचवटा आला की अडते, पण सगळी नाही. थोडी काठावरून वाकून पलीकडे उतरते, भिंतीपलीकडून शेजारणीची हाक येते तशी. झाडं थोडी लहर खातात, पत्र्याची छपरं बरीच खातात. ही झीज डेसिबलमध्ये मोजतात.

आता हे गणित खरं की खोटं ते जमिनीवर जाऊन तपासायला हवं. डोंगरावर एका खांबावर छोटं यंत्र बसवलंय, ते सतत लहर सोडतं. दुसरं, हातात धरायचं यंत्र तुम्हाला पार्सलने पाठवतेय. ते घेऊन तीस ठिकाणी उभं राहायचं, ‘नोंद’ बटण दाबायचं, एक मिनिट थांबायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. बस.

समितीची बैठक २० मार्चला आहे. गणित आणि मोजणी यांत सरासरी सहा डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर डोंगराची जागा बाद.

आई मागच्या वर्षी पायरीवरून पडली ते मला नवव्या दिवशी पत्रातून कळलं. तेही ‘आता बरं आहे, काळजी नको’ एवढंच. नऊ दिवस मी इथे मजेत होते मामा, सिनेमासुद्धा पाहिला. म्हणून हा मनोरा डोंगरावर व्हायला हवा.

तुमची,
भाची

*

११ फेब्रुवारी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि यंत्र पोचले. यंत्रासोबतच्या सूचनापत्रकात शुद्धलेखनाच्या सतरा चुका आहेत. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्रक परत पाठवत आहे; ते योग्य त्या अधिकाऱ्यास द्यावे.

काम काल पूर्ण झाले. निवृत्त झाल्यावर प्रथमच भूमापनाची साखळी बाहेर काढली. प्रत्येक बिंदू साखळीने मोजून चुन्याने आखला. बिंदू १ ते १३ वरच्या गावात, १४ ते २३ माळावर, २४ ते ३० खालच्या वस्तीत आहेत. तिसावा बिंदू म्हणजे तुझ्या आईची ती पायरी. सर्व आकडे उणे आले. यंत्र बिघडले असावे असे प्रथम वाटले. परंतु पत्रकात तसेच अपेक्षित असल्याचे म्हटले आहे, म्हणून जसे आले तसे लिहिले. तक्ता सोबत आहे.

माळावर सुताराचा बोकड मोकळा असतो. गावात त्याला इन्स्पेक्टर म्हणतात, कारण भेटेल त्याचे खिसे तो तपासतो. त्याच्यामुळे कामात खंड पडू दिला नाही.

तुझ्या पत्रातील भावना समजली. तुझी आई त्या नऊ दिवसांत मलाही ‘सांगू नकोस’ असेच सांगत होती. मी तिचे ऐकले, हे चुकले.

तुझा,
मामा

*

१८ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

तक्ता पाहून आमच्या कार्यालयात लोक उठून उभे राहिले. इतका सुंदर तक्ता इथे कुणी पाहिलेला नाही. साहेबांनी तो फ्रेम करायला सांगितलाय.

आता वाईट बातमी. पहिले तेरा बिंदू माझ्या गणिताशी एक-दोन डेसिबलने जुळतात. चौदाव्यापासून मात्र सगळं कोसळलंय. माळ आणि वस्ती, दोन्हीकडे बावीस डेसिबलची तूट. अगदी एकसारखी. जणू माळाच्या फाटकापाशी लहरीला कुणीतरी गचांडी धरून थांबवलंय.

मी म्हटलं, गणित चुकलं असेल. साहेबांनी विचारलं, “मोजणारा कोण?”

मी म्हटलं, “माझे मामा. चौतीस वर्षं भूमापक होते. ढेकूळसुद्धा मोजल्याशिवाय ओलांडत नाहीत.”

साहेब म्हणाले, “मग चूक जमिनीची आहे.”

आमच्या संगणकाला तशी सोय आहे. मोजणी पक्की मानली की तो जमिनीची उंची वरखाली करून बघतो आणि कुठे काय असलं तर हे आकडे येतील ते सांगतो. त्याने सांगितलंय की माळाच्या फाटकाशी अडतीस मीटर उंचीची टेकडी आहे. उपग्रहाच्या नकाशात ती नाही, पण साहेब म्हणतात, उपग्रह लांब असतो, मामा जवळ असतात. आज कच्चा नकाशा सगळ्या गावांच्या फलकांवर लावायला गेलाय. त्यात ती ‘टेकडी क्र. ७’ आहे.

एक गोष्ट मला खटकतेय. टेकडीची एक बाजू फाटकाच्या कुंपणाला अगदी समांतर आहे. भिंतीसारखी सरळ. टेकड्या अशा असतात का हो?

तुमची,
भाची

*

२२ फेब्रुवारी

चि. भाचीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रात ‘मोजमापे घेतल्या गेली’ असे वाक्य नाही याचा आनंद झाला, कारण ते फलकावरील नकाशाखाली आहे. ‘घेतली गेली’ असे हवे.

आता टेकडीविषयी. हा माळ मी सेवेच्या अकराव्या वर्षी मोजला. फाटकापासून वस्तीच्या ओढ्यापर्यंत त्याचा एकूण उतार नऊ इंच आहे. नऊ. अडतीस मीटर म्हणजे बारा मजल्यांची इमारत. ती माझ्या नजरेतून सुटली असेल, असे तुझ्या साहेबांना वाटते काय? चहाचा कप या माळावर ठेवला तर चहासुद्धा कोणत्या बाजूला कलावे याचा विचार करत बसेल.

नकाशा लागल्यापासून गावात कामधंदा उरलेला नाही. सुतार माझ्याकडे आला. म्हणाला, “माझ्या फाटकापासून टेकडी सुरू होते म्हणे. मग वर जायला पायऱ्या कुणी करायच्या? मी का सरकार?”

मी म्हटले, “टेकडी नाही.”

तो म्हणाला, “छापून आलंय हो. आणि मापं तुमचीच आहेत ना?”

पोस्टमास्तर फलकापुढे बराच वेळ उभे होते. मग चष्मा पुसून म्हणाले, “होती, होती. मला आठवतेय.”

तुझे गणित तपास. माझी मोजणी तपासण्याचे कारण नाही.

मामा

*

२८ फेब्रुवारी

ती. मामा,

मी गणित चार वेळा तपासलं. पाचव्यांदा माझ्याशेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून तपासून घेतलं. त्या कुणाचं काहीच बरोबर म्हणत नाहीत, आणि त्या म्हणाल्या बरोबर आहे.

आता नीट ऐका. टेकडी खरी असेल तर डोंगरावरच्या मनोऱ्याचा आईला काही उपयोग नाही. ती टेकडीच्या सावलीत येते. टेकडी खोटी असेल तर माझं गणित आणि तुमची मोजणी जुळत नाही, म्हणून जागाच बाद. दोन्हीकडून आईचा फोन गेला. समितीला आता जेमतेम तीन आठवडे आहेत.

म्हणून विचारते, रागावू नका. फाटकातून आत गेल्यावर मोजणीत काही वेगळं केलं होतं का? यंत्र वेगळं धरलं? छत्री होती? कुणी मधे उभं होतं? काहीही असो, बारीकसंसुद्धा सांगा.

नकाशा विभागाचे दोन साहेब टेकडी पाहायला ४ तारखेला येतील. त्यांना चहा द्या आणि व्याकरण शिकवू नका.

भाची

*

५ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

काल दोन अधिकारी आले. एक स्थूल, एक कृश. चहा दिला. माळाच्या फाटकातून आत शिरताच कृश अधिकाऱ्याने नकाशा उघडला. त्यांचे संभाषण शब्दशः देत आहे.

स्थूल: “आता आपण कुठे आहोत?”

कृश: “नकाशाप्रमाणे सव्वीस मीटरवर, सर. अजून बारा मीटर चढायचंय.”

स्थूल: “मग जरा बसू या. एकदम चढू नये.”

आणि ते सपाट जमिनीवर बसून दम खाऊ लागले. मी त्यांना सांगितले की माळाचा उतार नऊ इंच आहे. स्थूल अधिकारी म्हणाले, “आजोबा, तुमचं वय झालं, तुम्हाला सवय आहे. आम्हाला चढ जाणवतो.” इतक्यात इन्स्पेक्टरने नकाशाचा खालचा भाग खाल्ला. त्यामुळे टेकडीची दक्षिण बाजू पाहायची राहून गेली. त्यांनी लिहिलेला शेरा मी वाचला: ‘टेकडी प्रत्यक्ष दिसून आली नाही, तथापि चढ जाणवला. अधिक अभ्यास आवश्यक.’

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: छत्री नव्हती. मध्ये कोणी उभे नव्हते. सूचनापत्रकातील एकाही सूचनेचे मजकडून उल्लंघन झालेले नाही.

मामा

*

७ मार्च

चिमणे,

माझं अक्षर बघून हसू नकोस. तुझा मामा माझी पत्रं परत पाठवतो सुधारून, म्हणून मी लिहायचंच सोडलं होतं.

तो काल आला होता. तोंड एवढंसं झालेलं. पायरीवर बसला आणि म्हणाला, “ताई, माझ्या हातून चूक झाली असेल का गं?” बाई गं, मी घाबरलेच. साठ वर्षांत हे त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लहानपणी दूध उतू गेलं तरी म्हणायचा की दुधाची चूक आहे.

मला तुमच्या आकड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण एक गोष्ट मला राहून राहून वाटते. तो मोजायला माझ्या दारी आला तेव्हा ते यंत्र डब्यात का ठेवत होता? माझाच बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मोठा, झाकणाचा. दोन वर्षांपूर्वी नेलाय, अजून परत नाही. यंत्राचं बटण दाबायचा, डब्यात ठेवायचा, झाकण गच्च लावायचा, मग घड्याळाकडे बघत मिनिटभर ताठ उभा. झालं की झाकण उघडायचं आणि आकडा लिहायचा.

मी म्हटलं, “बाळ्या, हे काय रे?”

म्हणाला, “संरक्षण.”

“कुणापासून?”

मागे बघितलं तर सुताराचा बोकड उभा, जिभल्या चाटत. त्या यंत्राला काळं रबराचं शेपूट आहे ना, त्याच्यावर त्या मेल्याची नजर. फाटकापासून माझ्या दारापर्यंत मागे मागे आला होता म्हणे.

मी सांगितलं असं त्याला सांगू नकोस. तो बोकडाला भितो हे गावात कुणाला माहीत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला माहीत नाही की सगळ्यांना माहीत आहे.

फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. नाही झाला तर नाही. मी काही परत पडणार नाही.

आई

*

१० मार्च

ती. मामांस सा. न.

डबा?

भाची

ता. क. पत्र्याची छपरं लहर खातात असं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. डब्याला तर छपराबरोबर भिंती आणि तळही असतो! मी इथे तसलाच एक डबा आणून आत तसलंच यंत्र ठेवलं. झाकण लावलं. बावीस डेसिबल. तुमची टेकडी म्हणजे आईचा बिस्किटांचा डबा आहे मामा. डब्याची उंची वीतभर, आमच्या संगणकाने ती अडतीस मीटर केली.

ता. क. दुसरा: चौदा ते तीस हे सतरा बिंदू उघड्यावर पुन्हा मोजून १७ तारखेपर्यंत मला मिळायला हवेत. तुमच्याकडच्यासारखं दुसरं यंत्र आता मोकळं नाही. ते रबरी शेपूट म्हणजे त्याचा अँटेना. तो बोकडाच्या पोटात गेला तर सगळंच संपलं.

ता. क. तिसरा: मला कुणी काही सांगितलेलं नाही.

*

१२ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

तुझ्या एका शब्दाच्या पत्रास सविस्तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

चौतीस वर्षांच्या सेवेत मी बैल, मधमाश्या, एक पिसाळलेला जमीनमालक आणि दोन विभागप्रमुख यांना तोंड दिले. कोणापुढेही साखळी खाली ठेवली नाही. तथापि निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी सुताराच्या बोकडाने माझ्या कोटाचा डावा खिसा, त्यातील चष्म्याचे घर आणि पेन्शनच्या अर्जाचे पहिले पान खाल्ले. सुतार कुंपणावर हसत बसला होता. तेव्हापासून मी त्या बोकडाला भितो. हे वाक्य मी तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. चौथ्यांदा ठेवत आहे.

ताईच्या डब्यात यंत्र ठेवण्यास सूचनापत्रकात मनाई नव्हती, हे मी मागील पत्रात अप्रत्यक्षपणे म्हटले होते. ते खरे होते आणि अप्रामाणिकही होते. तू विचारलेस, त्याच दिवशी मला डबा आठवला होता. मी तो लिहिला नाही. माळावर टेकडी नाही हे मला ठाऊक होते. तुझे गणित चुकले असेल, असे समजून घेणे मला सोयीचे वाटले.

सर्वांत जास्त लागले ते हे: तुझ्या साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून जमीन चुकीची ठरवली. माझ्याविषयी इतके चांगले आजवर कोणी बोलले नव्हते, आणि ते मी बिस्किटांच्या डब्यात घालवले.

पुन्हा मोजतो. उघड्यावर.

मामा

*

१६ मार्च
(बसच्या कंडक्टरच्या हाती)

चि. भाचीस आशीर्वाद.

सतरा बिंदूंची मोजणी काल पूर्ण झाली. तक्ता सोबत आहे. हा फ्रेम करू नये. त्याच्या कडेला दातांचे ठसे आहेत.

मी एकट्यानेच जाण्याचे ठरवले होते. फाटकापाशी पोचलो तर ताई तेथे उभी. गुडघा धरून, काठी टेकत, वस्तीपासून सबंध माळ चालून आली होती. मी म्हटले, “तू इथे कशाला आलीस? पडशील.”

ती म्हणाली, “पडले तर तू आहेस. नऊ दिवस तरी लागणार नाहीत.”

इन्स्पेक्टर मला पाहून धावत आला. ताईने काठी खाली टाकली आणि त्याची दोन्ही शिंगे धरली. त्याला बहुधा असा अनुभव प्रथमच आला असावा.

“मोज तू,” ती म्हणाली.

“ताई, तुझा गुडघा—”

“गुडघा माझा आहे. तू आकडे लिही. आणि बाळ्या, भरभर लिही, सुवाच्य नको.”

असे आम्ही चौदापासून तीसपर्यंत गेलो. पुढे मी, यंत्र उघड्या हातात. मागे ताई, शिंगे धरून, बोकडालाच काठीसारखे टेकत. प्रत्येक बिंदूवर मी एक मिनिट थांबे आणि ती त्या मिनिटात बोकडाला माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगे. त्यांतील दोन खोट्या आहेत. सुतार कुंपणावर बसून पाहत होता. या खेपेस हसला नाही. विसाव्या बिंदूवर खाली उतरला आणि ताईसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

एकोणतिसाव्या बिंदूवर ताईचा हात सुटला. बोकड झेपावला. मी यंत्र डोक्यावर धरले आणि तक्ता पुढे केला. त्याने कड घेतली, आकडे राहिले. निर्णय क्षणात घेतला. पूर्वी मी कागद वाचवला असता.

तिसाव्या बिंदूवर, पायरीवर, आकडा आला उणे एक्क्याऐंशी. डब्यात तो उणे एकशे तीन होता. ताईने विचारले, “हे चांगलं की वाईट?”

मी म्हटले, “आता फोन लागेल, असे वाटते.”

ती पायरीवर बसली आणि गुडघा चोळत म्हणाली, “मग माझा डबा परत दे.”

मामा

*

२१ मार्च

ती. मामा आणि आई, दोघांनाही सा. न.

झालं! डोंगराची जागा मंजूर!

तीस बिंदूंवर सरासरी फरक सव्वातीन डेसिबल. साहेब तक्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे चूक जमिनीची नव्हती.”

मी म्हटलं, “नाही सर. मोजणाऱ्यानेच चूक शोधून स्वतः कळवली.”

आई, तू मला काही सांगितलं नाहीस, हे लक्षात आहे माझ्या.

समितीत एकाने विचारलं की मग टेकडी क्र. ७ चं काय. अध्यक्ष म्हणाले, नकाशावर चढवायला ठराव लागतो, मग उतरवायलाही लागणार. तेव्हा रीतसर ठराव झाला: ‘टेकडी क्र. ७ रद्द करण्यात येत आहे.’ एकमताने. स्थूल साहेब तेवढे म्हणाले, “पण चढ जाणवला होता.”

माझ्या अहवालात मी तुमचे आभार मानलेत, मामा. व्याकरण तपासून घेतलंय. शेजारच्या बाईंकडून.

तुमची,
भाची

*

चिटणीस महोदय, पत्रव्यवहार येथे संपतो. यंत्रे लावून सपाट केलेली टेकडी ती हीच. नव्या नकाशात ती नाही, एवढ्यावरून पोस्टमास्तरांनी ती कोणी तरी उचलून नेली असा तर्क केला. तो तर्क म्हणून वाईट नाही.

त्यांच्या लेखातील, भाचीच्या अहवालातील आणि माझ्या स्वतःच्या पत्रांतील तारखांची दुरुस्ती खाली देत आहे. पुढील अंकात ती छापावी, ही विनंती.

९ व १० फेब्रुवारी: पहिली मोजणी. भाचीच्या अहवालात केवळ १० फेब्रुवारी आहे. काम दोन दिवस चालले.

१८ फेब्रुवारी ते २० मार्च: टेकडीचे आयुष्य. पहिला व शेवटचा दिवस धरून एकतीस दिवस. लेखात ‘पूर्वापार’ असे आहे.

४ मार्च: अधिकाऱ्यांची भेट. लेखात या दिवशी ‘सुरुंग लावण्यासाठी पाहणी झाली’ असे आहे. त्या दिवशी चहा झाला.

१४ मार्च: माझे १२ मार्चचे पत्र या दिवशी टपालात पडले. मधले दोन दिवस ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होते. विलंबाचा दोष टपालखात्याकडे नाही.

१५ मार्च: दुसरी मोजणी. अहवालात ‘मोजणी मामांनी केली’ असे आहे. मोजणी मी आणि माझ्या ताईने केली.

१ एप्रिल: लेखाप्रमाणे टेकडी या दिवशी पाडली. या दिवशी गावात कोणतेही यंत्र आले नाही. मी दिवसभर माळावर होतो.

६ सप्टेंबर: पहिला फोन. लेखात तो ९ सप्टेंबर रोजी उद्घाटनप्रसंगी प्रमुख पाहुण्यांनी केला असे म्हटले आहे. ते चूक आहे. तो तीन दिवस आधी, चाचणीच्या वेळी, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी भाचीने तिच्या आईला केला. संभाषण एकेचाळीस मिनिटे चालले. मी पायरीवर घड्याळ धरून बसलो होतो. ताई फोन ठेवून बाहेर आली. मी विचारले, “काय बोललात?”

ती म्हणाली, “काही नाही रे. जेवलीस का विचारलं.”